गोरखचिंचेला ताण द्यावा लागतो

अकोल्यात आमच्या गच्चीवर दोन गोरखचिंचा आहेत. एक सव्वा फूट उंच, दुसरी तिच्याहून चार बोटं कमी. तिसरी मोर्शीजवळ आमच्या संत्र्याच्या मळ्यात, बांधावर आहे आणि तिचं खोड आता माझ्या कवेत मावत नाही. तिघी एकाच फळातल्या. त्यांच्या आणखी आठ बहिणी होत्या. एक बकरीनं खाल्ली, उरलेल्या सात मी मारल्या.

शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वनस्पतींची कुळं मुलांकडून पाठ करून घेतली. घर संत्र्याच्या बागाईतदारांचं. तरी बोन्साय शिकायला मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक इंग्रजी पुस्तक आणलं, जपानी पाइन आणि मेपलचं. सातपैकी निदान सहा झाडांचा जीव त्या पुस्तकामुळे गेला असं मी म्हणत असतो. बायको म्हणते, पुस्तकानं नाही, तुमच्या झारीनं. तिचं बरोबर आहे.

१. रोप शोधू नका, फळ शोधा.

२००३च्या नाताळच्या सुटीत आम्ही मांडूला गेलो. तेव्हा अकोल्याहून मीटरगेजची गाडी होती. अकोट, मग मेळघाटात धूळघाटाचा फेरा, खंडवा, महू. तिथून पुढे बस. ती गाडी आता नाही. मांडूत रस्त्याच्या कडेला बायका दुधीएवढी, अंगावर मखमली लव असलेली फळं ढीग लावून विकत होत्या. ‘मांडू की इमली’. चिंचेशी या झाडाचं नातं चवीपुरतंच. गोरखनाथांनी याच्या सावलीत शिष्यांना उपदेश केला अशी आख्यायिका आहे, म्हणून गोरखचिंच. मूळ आफ्रिकेचं. अरब व्यापारी आणि हबशी शिपाई यांच्याबरोबर बिया इकडे आल्या असं अभ्यासक मानतात. २०१५ साली झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की भारतातली झाडं एकदाच आलेली नाहीत. वेगवेगळ्या काळात, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून ती येत राहिली. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात आहेत, मुंबईत राणीच्या बागेत आहे. मांडूत मात्र ती आपल्याकडच्या बाभळीइतकी सहज दिसतात.

फळ दगडानं फोडलं. आत पांढरा, कोरडा, थर्माकोलसारखा गर आणि त्यात काळसर बिया. गर पोरांनी चोखला, बिया मी रुमालात बांधल्या. फांदी लावूनही गोरखचिंच येते, पण तिचा बुंधा काठीसारखा सरळ राहतो. खाली फुगलेला, हंड्यासारखा पाय हवा असेल तर झाड बियांपासूनच करावं लागतं. आणि बोन्सायमध्ये गोरखचिंचेचं सारं रूप त्या पायात आहे.

२. बी कठीण असतं, त्याच्याशी दयामाया दाखवू नका.

पहिल्या खेपेला दहा बिया नुसत्याच पेरल्या. दोन महिने काहीच नाही. मग पंचवीस घेतल्या, त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि त्यातच गार होऊ दिल्या. दुसऱ्या दिवशी ज्या फुगल्या त्या पेरल्या. ज्या फुगल्या नाहीत त्यांची एक कड पॉलिशपेपरवर घासून पुन्हा भिजवल्या. पेरणी एप्रिलच्या मध्यावर. आमच्या उन्हाचा बाकी कशाला उपयोग होवो न होवो, गोरखचिंचेचं बी रुजवायला त्याच्यासारखं यंत्र नाही. अकरा उगवल्या. पहिली बाराव्या दिवशी, शेवटची मे संपताना, जेव्हा मी कुंडी रिकामी करायला निघालो होतो.

३. पहिलं पान पाहून विक्रेत्याला शिव्या देऊ नका.

गोरखचिंचेचं पान सावरीसारखं, हाताच्या पंजासारखं, पाच-सात पर्णिकांचं. माझ्या रोपांना मात्र साधं, एकेरी, लांबट पान आलं. फसवलं की काय, असं वाटलं. कोवळ्या रोपाला पहिली पानं एकेरीच असतात, पंजा नंतर उघडतो, हे मला त्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत कळलं नव्हतं. त्याआधी शेजारच्या काकूंनी एक रोप कुंडीतून उपटून पाहिलं होतं (विचारून नाही) आणि ओरडल्या होत्या, “अवं सर, हा तं मुया हाये!” खाली खरंच पांढरा, गुबगुबीत मुळा होता. रोप पहिल्याच वर्षी पाणी साठवायला लागतं. काकूंनी मला त्या दिवशी या झाडाची किल्ली हातात दिली होती. मी ती घेतली नाही.

४. काळी माती कापसाला.

वऱ्हाडी माणसाला आपल्या काळ्या मातीचा गर्व असतो, मलाही होता. मोर्शीची कसदार माती पोत्यात भरून आणली आणि कुंड्यांत घातली. ही माती ओली झाली की फुगते, चिकट होते, आठवडाभर पाणी सोडत नाही. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. शेतात तिच्याखाली मुरूम असतो, कुंडीखाली सिमेंटची गच्ची. पहिल्याच पावसाळ्यात दोन रोपं गेली.

आता माझं मिश्रण असं: विटेचा चुरा चार भाग, धुतलेली जाड रेती तीन भाग, जुनं कुजलेलं शेणखत दोन भाग, कोळशाचा चुरा एक भाग. सगळं चाळायचं. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठं नको, ज्वारीच्या दाण्याहून लहान नको. धूळ चाळून फेकायची हाच त्यातला खरा कष्ट. पाणी ओतलं की दहा मोजेपर्यंत खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. काळ्या मातीची एक मूठसुद्धा घालत नाही. मळा पाहणारा माझा भाऊ याचं वाईट वाटून घेतो.

५. ताण.

हे मी आधी लिहायला हवं होतं, पण शिकलो उशिरा म्हणून उशिरा लिहितो.

त्या वर्षी दिवाळीनंतर रोपांची पानं पिवळी पडू लागली. पुस्तकात लिहिलं होतं, माती कोरडी पडू देऊ नका. मी पाणी वाढवलं. पानं आणखी गळाली. मी आणखी पाणी दिलं, वर थोडा युरियाही. डिसेंबरात रोपं उघडी-बोडकी काठ्यांसारखी झाली आणि मी सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन त्यांच्याभोवती फिरत होतो. संक्रांतीला एक खोड अंगठ्यानं दाबलं तर पिकलेल्या पपईसारखं आत गेलं. आठ दिवसांत तीन गेली.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेव्हा डोळे दाखवायला अकोल्याला आले होते. वरुड-मोर्शीकडे साठ वर्षं संत्रा केलेला माणूस. गच्चीवर आले, कुंड्या पाहिल्या, एक कुजलेलं रोप हुंगलं.

“पानी पाजू पाजू मारून रायला तू याहिले,” म्हणाले.

“पानं गळत होती ना, मोठे बाबा.”

“मंग गळू दे ना! संत्र्याले ताण देतो आपन. याले कायले नाई?”

मी त्यांना जपानी पुस्तक दाखवलं. त्यांनी पाइनचं चित्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, “जपानात नवतपा रायते का?”

ज्यांना संत्रा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याच्या झाडाला फुलं यावीत म्हणून त्याचं पाणी ठरवून तोडतात. आंबिया बहर घ्यायचा तर डिसेंबरात, मृग बहर घ्यायचा तर एप्रिल-मेच्या उन्हात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड विश्रांतीला जातं. याला ताण देणं म्हणतात. मग ताण तोडायचा, म्हणजे खत-पाणी द्यायचं, की झाड फुलांनी भरतं. किती दिवस ताण द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असतं. हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. आमच्या घरात लहान पोरांनासुद्धा हा शब्द कळतो. मी त्याच घरात वाढलो आणि कुंडीतल्या झाडाला हे लागू होईल असं मला सुचलं नाही, कारण बोन्साय ही काहीतरी बाहेरून आलेली, शहरी, नाजूक गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो.

गोरखचिंच तर स्वतःच ताण घेते. तिला तो द्यायचाही नसतो, फक्त मोडायचा नसतो. आता माझा वार्षिक नेम असा आहे. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडू लागली की पाणी निम्म्यावर. शेवटचं पान गळालं की बंद. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च पूर्ण कोरडे. लहान कुंडीतल्या झाडाला महिन्यातून एकदा कडेकडेनं वाटीभर, बारीक मुळं वाळू नयेत म्हणून, तेही दुपारच्या उन्हात. अवकाळी पाऊस आला तर कुंड्या पत्र्याखाली. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीच्या दिवसांत मी आभाळाकडे भावाइतकाच बघत असतो.

ताण कधी तोडायचा ते झाड सांगतं. एप्रिलअखेर फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसतात, मातीत पाण्याचा थेंब नसताना. खोडात साठवलेल्या पाण्यावर ते फुटतात. मादागास्करमध्ये अभ्यासकांनी हे मोठ्या झाडांवर मोजलं आहे. पाऊस येण्याआधी पालवी फोडायला झाड खोडातलं पाणी वापरतं. कोंब बोटाच्या पेराएवढा झाला की पहिलं पाणी. त्याआधी द्यायला हात शिवशिवतो. खिशात घालून ठेवायचा.

६. मऊ खोड दोन प्रकारचं असतं.

मार्चमध्ये खोड थोडं पोचट लागतं. घाबरायचं नाही. तहानेचा मऊपणा सगळीकडे सारखा असतो, साल सुरकुतते, रंग बदलत नाही. कुजण्याचा मऊपणा एका जागी असतो, बहुतेक मातीच्या रेषेजवळ. तिथे काळपट डाग पडतो आणि आंबलेला वास येतो. पहिल्यावर उपाय काही नाही, वाट पाहायची. दुसऱ्यावर त्याच दिवशी झाड उपटून सडका भाग निरोगी पांढरं लागेपर्यंत कापायचा, मोरचूद-चुना लावायचा आणि झाड आठवडाभर सावलीत उघडं ठेवायचं. मी असं एक वाचवलंय. चार बोटं कमी असलेली ती हीच, म्हणून तर कमी आहे.

७. बोअरचं पाणी देऊ नका.

हे फक्त आमच्याकडच्या लोकांसाठी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. त्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी जिभेला कळतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली येते, पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, आणि आपण समजतो ऊन लागलं. महानच्या धरणाचं नळाचं पाणी चालतं, पण ते काही दिवसांआड येतं आणि घरातल्या माणसांनाही लागतं. मी पावसाळ्यात छताचं पाणी दोन ड्रममध्ये धरतो. दोन झाडांना ते पुरून उरतं. बाकी वर्षात ती मागतातच किती?

८. जाडी जमीन देते, कुंडी नाही.

अकरापैकी चार रोपं मी भावाच्या हवाली केली होती, बांधाच्या मुरमाड कडेला लावायला. प्रत्येकीच्या खाली एकेक फरशीचा तुकडा पुरला. सोटमूळ फरशीला अडलं की मुळं चहूबाजूंना पसरतात आणि बुंधा खाली रुंदावतो. वर्षभरात एक बकरीनं संपवली. उरलेल्या तिघी चार वर्षांत माझ्या मांडीएवढ्या झाल्या. तेव्हा गच्चीवर कुंडीत उरलेल्या दोघींची खोडं मनगटाएवढीही नव्हती. ज्यांना लवकर मोठं दिसणारं बोन्साय हवंय त्यांनी आधी झाडाला मोकळं सोडावं, निदान मोठ्या ड्रममध्ये तरी. उथळ ट्रे हे शेवटचं घर.

२००८च्या एप्रिलमध्ये दोन खणून काढल्या. मुळं कापली. एक लगेच कुंडीत लावली आणि, सवयीनं, भरपूर पाणी घातलं. मेली. दुसरी त्या दिवशी कुंडी कमी पडली म्हणून राहिली. गोठ्याच्या पडवीत आठ-दहा दिवस तशीच आडवी पडून होती. मला वाटलं गेली. कापलेल्या मुळांची तोंडं वाळून कातड्यासारखी झाली होती. लावली, आठवडाभर पाणी दिलं नाही. जगली. सव्वा फुटाची ती ही. आळशीपणानं झाड वाचल्याचं माझ्या माहितीतलं एवढंच उदाहरण.

९. मोठी छाटणी नवतप्यात, बोर्डोसकट.

गोरखचिंच कापताना लाकूड कापतोय असं वाटतच नाही. ओल्या सुताचं गुंडाळं कापल्यासारखं वाटतं. नीम, जांभूळ, चिंच यांना आत घट्ट लाकूड असतं आणि जखमेच्या कडेनं साल वळून येते, काही वर्षांत घाव भरतो. गोरखचिंचेचं आतलं अंग स्पंजासारखं, पाण्यानं भरलेलं. घाव वाळतो तसा आत खचतो. मोठा घाव पुरता भरत नाही, आणि ओला राहिला तर सड थेट खोडात उतरते. गंमत अशी की सालीची जखम मात्र ती सहज भरून काढते. आफ्रिकेत दोरखंडांसाठी झाडांची साल सोलून नेतात आणि झाड नवी साल धरतं. ओरखडा सोसणारं झाड कापलेलं सोसत नाही, हे ध्यानात ठेवून कात्री उचलायची.

२००८च्या ऑगस्टमध्ये, श्रावणात, गच्चीवरच्या दोघींपैकी एकीचा शेंडा मी सहा इंचांवर उडवला. पुस्तकाप्रमाणे ती वाढीची वेळ होती. वाढीची होती, पण घाव वाळण्याची नव्हती. पंधरा दिवस झड लागली. कापलेला भाग काळा पडला, मग खोड वरून खाली गाजरासारखं सडत गेलं. पोळ्याला मी ते कचऱ्यात टाकलं. पुढच्या वर्षी दुसरीचा शेंडा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कापला. सूर्य रोहिणीत गेला होता, नवतपा लागला होता, बाहेर झळांनी डोळे उघडत नव्हते. घाव दोन दिवसांत खडखडीत.

घाव सपाट नको, तिरका हवा, पाणी थांबू नये म्हणून. फांदी कापताना डोळ्याच्या बरोबर वर न कापता बोटभर खुंटी ठेवायची. ती वाळत मागे येते, मग पुढच्या वर्षी काढायची. जाड फांदी कापायची वेळच येऊ देऊ नये. नको असलेला फुटवा बोटाएवढा असतानाच जावा. उंची कमी करायची असेल तेवढ्यापुरता मोठा घाव, आणि तोही आयुष्यात एकदा.

घावावर बोर्डो पेस्ट. संत्र्याला डिंक्या होऊ नये म्हणून आम्ही पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावतो तीच. मळ्याचं प्रमाण मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. गच्चीवर शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, एक लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं, लोखंडाचं भांडं चालत नाही. झाल्यावर त्यात दाढीचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. जपानहून येणारी जखम-लेपाची महाग डबी मी एकदा मागवली होती. ती अजून अर्धी आहे.

जूनपासून हलकी छाटणी. नवा फुटवा सहा-सात पानांचा होऊ द्यायचा, मग दोन पानांवर आणायचा. शेवटच्या पानाच्या बेचक्यातला डोळा ज्या दिशेला पाहतो तिकडे नवी फांदी जाते, म्हणून कापण्याआधी तो कुठे बघतोय ते पाहायचं. ही हिरवी टोकं पावसातही लवकर वाळतात. गणपतीनंतर कात्री ठेवून द्यायची. त्यानंतर फुटलेली फांदी पानगळीआधी पिकत नाही आणि हिवाळ्यात वाळते.

१०. तार लावू नका.

लावलीच तर पावसाळ्यात दर चौथ्या दिवशी पाहा. मी तीन आठवडे गावाला गेलो होतो. सालीत रुतलेल्या तारेचे वळसे अजून दिसतात. आता जुन्या साडीच्या पट्ट्या आणि सुतळी वापरतो, फांदी खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधतो.

११. पाइनचा त्रिकोण विसरा.

गोरखचिंच उलटी लावल्यासारखी दिसते. पानं गळाल्यावर फांद्या आभाळात गेलेल्या मुळांसारख्या वाटतात. देवानं रागावून ती उपटून उलटी रोवली अशी गोष्ट आफ्रिकेत सांगतात. दक्षिण आफ्रिकेतले प्रिटोरियाचे बोन्सायकार चार्ल्स सेरोनिओ यांनी या झाडाच्या घडणीला बोन्सायची वेगळी शैलीच मानलं: जाड, जवळजवळ न निमुळतं होणारं खोड, आणि माथ्यावर एकदम फुटून आडव्या पसरलेल्या आखूड फांद्या. मी आधी सहा वर्षं माझ्या झाडाला खालून वर लहान होत जाणाऱ्या फांद्या देऊन त्रिकोण करत होतो. मोडक्या छत्रीसारखं दिसायचं. शेवटी खोडावरच्या सगळ्या फांद्या काढल्या आणि माथ्यावर पाचच ठेवल्या. २०१८च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ प्रदर्शनाला गेलो. नव्वद टक्के वेळ मी झाडांच्या मागच्या बाजूला उभा होतो. पुढून सगळ्यांची सुंदर दिसतात. घाव मागे असतात, आणि शिकायला ते लागतात.

पानं लहान हवीत म्हणून जुलैत एकदा, झाड तगडं असेल तरच, सगळी पानं देठ ठेवून कापतो. ज्या वर्षी माती बदलली किंवा शेंडा कापला त्या वर्षी नाही. कापलेल्या कोवळ्या पानांची पश्चिम आफ्रिकेत भाजी करतात हे वाचून आमच्याकडेही केली होती. भेंडी आणि अंबाडीच्या मधलं काहीतरी लागलं.

१२. ही कापसाची बहीण आहे.

ती चव उगाच नव्हती. कापूस, भेंडी, अंबाडी, सावर आणि गोरखचिंच, सगळी एकाच कुळातली. शाळेत फळ्यावर लिहून दिलेलं कूळ गच्चीवर कधी आठवलं? कापसावरचे लाल ढेकूण कुंडीवर रांगेनं बसलेले पाहिले तेव्हा. आफ्रिकेत या किड्यांना गोरखचिंच फार आवडते, आणि अकोल्यासारख्या कपाशीच्या मुलखात त्यांना पत्ता शोधायला लागत नाही. पिठ्या ढेकूणही त्याच वाटेनं येतो, फांदीच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा. जुन्या टूथब्रशनं घासून काढायचा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा. दोन झाडांना याहून जास्त औषध घालणं म्हणजे शेतातली चूक गच्चीवर करणं.

१३. पाहुण्यांचे दोन प्रश्न.

पहिला: घरात बोन्साय ठेवलं की वाढ खुंटते, खरं का? माझी मुलं सहा-सहा फुटांची आहेत, त्यांना बोलावतो. दुसरा: झाडाचं वय किती, पाचशे वर्षं असेल ना? या झाडाची वलयं भरवशाची नसतात, रेडिओकार्बननं वय काढावं लागतं. नामिबियातल्या एका झाडाचं वय बाराशे पंचाहत्तर वर्षांच्या आसपास निघालं होतं. माझ्याकडे मात्र पेरणीची तारीख वहीत लिहिलेली आहे: १४ एप्रिल २००४. फुलाची विचारणाही होते. पांढरं, खाली लोंबणारं, संध्याकाळी उमलणारं फूल, ज्याच्याकडे वटवाघळं येतात. कुंडीत ते येईल या आशेवर कुणी हे झाड लावू नये. मोर्शीच्या बांधावर अजून आलेलं नाही.

१४. मोठं झाड खणून आणू नका.

गेली काही वर्षं लोक मला फोन करून विचारतात, जाड बुंध्याची तयार गोरखचिंच कुठे मिळेल, पैसे कितीही. बोन्सायमध्ये रानातलं जुनं झाड खणून आणण्याची रीत आहे, आणि वडा-उंबराच्या बाबतीत पडक्या भिंतीवरून ते काढणं मी समजू शकतो. गोरखचिंचेचं तसं नाही. मांडूच्या आसपासची मोठी झाडं खणून ट्रेलरवर दूर न्यायला लागले तेव्हा तिथल्या लोकांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयालाही स्वतःहून लक्ष घालावं लागलं. आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या तेरा झाडांपैकी नऊ झाडं बारा वर्षांत पूर्ण किंवा अर्धी मेल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. ज्या झाडाला बुंधा धरायला शेकडो वर्षं लागली त्याला गच्चीसाठी उपटायचं कारण नाही.

हिवाळ्यात मांडूला जाल तेव्हा रस्त्यावरच्या बाईकडून एक फळ विकत घ्या. गर पोरांना द्या, बिया कागदात बांधून ठेवा आणि एप्रिलच्या मध्यावर पेरा. मुळा लागला की मला कळवा, तोवर पाणी जपून.